नावनिशी व सदसद्विवेकबुद्धी

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त अक्कलकुवा येथे भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत धर्मगुरूने काय बोलावे ह्याची एक रूढी पडून गेली आहे. चर्चच्या पायाचा दगड कधी बसला, पहिली मिस्सा कोणत्या झाडाच्या सावलीत झाली, हे सांगावे, उपकारकर्त्यांचे आभार मानावेत आणि खाली बसावे. माझ्याआधीच्या वक्त्यांनी हे काम माझ्याहून चांगल्या रीतीने केले आहे. म्हणून मी आपली अनुज्ञा घेऊन एका निराळ्या विषयाकडे वळतो. राजसत्ता जेव्हा तरुणाचे नाव सैन्याच्या यादीसाठी मागते, तेव्हा ख्रिस्ती मनुष्याने काय करावे? नाव द्यावे, की नाकारावे? आणि नाकारावयाचेच झाले, तर ते कोणत्या रीतीने नाकारावे?

आपण म्हणाल, ह्या प्रश्नाचा अक्कलकुव्याशी काय संबंध? आपल्या देशात सक्तीची सैन्यभरती नाही. हे खरे आहे. २०२२ च्या जून महिन्यात सरकारने जी ‘अग्निपथ’ योजना जाहीर केली, तीही ऐच्छिकच आहे. साडेसतरा ते एकवीस वर्षांच्या तरुणांनी चार वर्षांसाठी भरती व्हावे, आणि मुदत संपल्यावर त्यांतील पंचवीस टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे कायम करावे, अशी तेव्हा तिची योजना होती. नाव देण्यास कोणी कोणाला बांधून नेत नाही. तथापि पहाटेची मिस्सा करण्यासाठी मी उठतो तेव्हा मोलगीकडच्या रस्त्याने आमची मुले धावताना मला दिसतात. त्यांच्यापैकी कित्येकांचे आईबाप दिवाळी होताच ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मोहाची फुले वेचून आणि आंब्याच्या फोडी वाळवून आमचूर विकून जेवढे मिळते, तेवढ्यात वर्ष सरत नाही. अशा घरचा मुलगा जेव्हा भरतीच्या मैदानावर उभा राहतो, तेव्हा तो सर्वस्वी आपल्या खुषीने उभा राहिला असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. भूक हीसुद्धा एक सक्तीच आहे. फक्त तिच्या हुकमावर कोणाची सही नसते.

आता माझीच एक चूक आपणांसमोर कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील दोन तरुण माझ्याकडे आले. शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख आणि दुसऱ्या कागदावरील जन्मतारीख जुळत नव्हती. म्हणून स्नानसंस्काराच्या वहीतील नोंदीचा उतारा त्यांना भरतीसाठी हवा होता. मी उतारे लिहीत असता त्यांच्यापैकी एकजण हळूच म्हणाला, “फादर, समोरच्या माणसावर गोळी झाडायची वेळ आली, तर?” मी मान वर न करता उत्तर दिले, “अरे, आधी धावण्यात तर पास हो! गोळीचे मग बघू.” सगळे हसले, तोही हसला. त्याने पुन्हा कधी तो प्रश्न काढला नाही. तो पास झाला आणि आज सैन्यात आहे. दुसरा मुलगाही धावण्यात पास झाला होता. परंतु पुढची तपासणी होण्याआधीच तो घरी परतला. “मला ते जमणार नाही,” एवढेच त्याने सांगितले. गावाने त्याला भित्रा ठरविले. चर्चच्या आवारात, मिस्सा सुटल्यावर, त्याची थट्टा होताना मी माझ्या कानांनी ऐकली आणि मुकाट्याने आत निघून गेलो. पहिल्याला मी उत्तर दिले नाही, दुसऱ्याची बाजू घेतली नाही. आजचे माझे भाषण म्हणजे त्या दोघांना उशिरा दिलेले उत्तर आहे असे आपण समजावे.

प्रथम पवित्र शास्त्राकडे वळू. सैन्यासाठी माणसे मोजण्याची गोष्ट शास्त्रात जुनी आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजाने हुकूम केला की, दानापासून बैरशेब्यापर्यंत लढाऊ पुरुषांची मोजणी व्हावी. ह्या हुकमास पहिला आक्षेप कोणी घेतला? एखाद्या संन्याशाने नव्हे. राजाचा सेनापती यवाब ह्यानेच. परंतु राजापुढे त्याचे चालले नाही. नऊ महिने वीस दिवस माणसे देशभर हिंडली आणि तलवार धरणारे इस्राएलात आठ लाख व यहूदात पाच लाख भरले. आकडा हाती आला त्याच क्षणी दाविदाचे मन त्याला खाऊ लागले, आणि पुढे जी मरी आली तीत सत्तर हजार माणसे गेली. मोजण्यात पाप ते काय? परमेश्वराची प्रजा ही आपली शिबंदी आहे, तिचा आकडा हेच आपले बळ आहे, असे राजाला वाटू लागले, हेच ते पाप. शमुवेलाने तर राजा मागणाऱ्या लोकांना आधीच बजावले होते की, राजा तुमचे मुलगे घेऊन जाईल आणि त्यांना आपल्या रथांपुढे धावावयास लावील.

त्याच शास्त्रात दयेचीही तरतूद आहे. अनुवादाच्या विसाव्या अध्यायाप्रमाणे, ज्याने घर बांधले पण त्यात राहिला नाही, ज्याने द्राक्षमळा लावला पण फळ चाखले नाही, ज्याची मागणी झाली पण लग्न झाले नाही, त्या सर्वांना युद्धावरून घरी जाण्याची मोकळीक होती. इतकेच नव्हे, ज्याचे मन कचरते त्यालाही परत जाण्यास सांगावे, असा दंडक होता. त्याला शिक्षा सांगितलेली नाही. आपल्या मुलाला भित्रा म्हणणाऱ्यांनी हा अध्याय एकवार वाचावा.

आणि मग आपण बेथलेहेमास येतो. औगुस्त कैसराने नावनिशी लिहिण्याचा हुकूम सोडला, म्हणून योसेफ आणि पूर्ण दिवसांची गरोदर मरिया नासरेथाहून निघाली. परक्या सत्तेचा तो हुकूम होता. तरी त्या पवित्र कुटुंबाने तो पाळला. जगाचा तारणारा नावनिशीच्या गडबडीत जन्मास आला! ह्यावरून, राज्याच्या वहीत नाव लिहिणे हे स्वतः पाप नव्हे, हे सिद्ध होते. परंतु गोष्ट येथेच संपत नाही. तोच हेरोद राजा जेव्हा पूर्वेकडील मागी लोकांना ‘बाळाचा ठिकाणा लागताच मला कळवा’ असे सांगतो, तेव्हा ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशी निघून जातात आणि राजाला काहीही कळवीत नाहीत. एकाच ख्रिस्तजन्माच्या कथेत आज्ञापालनही आहे आणि आज्ञाभंगही आहे. कर भरण्यास, नाव लिहिण्यास, वाट चालण्यास सत्तेने सांगितले तर ऐकावे. निरपराध जिवाचा घात करण्यास सांगितले तर दुसरी वाट धरावी. ख्रिस्ती मनुष्याचा सारा विवेक ह्या दोहोंमधील सीमारेषा ओळखण्यात आहे.

ही सीमारेषा ओळखताना प्राण गेलेल्या एका तरुणाचे स्मरण ख्रिस्तसभा १२ मार्च रोजी करते. इसवी सन २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तेबेस्सा येथे, म्हणजे आजच्या अल्जेरियात, मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या युवकास रोमन सैन्यात भरती करण्यासाठी प्रांताधिपती डिओन ह्याच्यापुढे आणले गेले. बाप स्वतः सैन्यातील जुना माणूस. त्याने मुलाकरिता नवा पोशाखही शिवून आणला होता. आपल्याकडे भरतीच्या मैदानावर उंची व छाती मोजतात तशी तेव्हाही त्याची उंची मोजली गेली. मग त्याच्या गळ्यात सैन्याची शिशाची मुद्रा घालावयाची वेळ आली, तेव्हा तो म्हणाला की, माझ्यावर ख्रिस्ताची मुद्रा आधीच पडली आहे. ही दुसरी मी घेणार नाही. अधिकाऱ्याने त्याला मोठ्या चातुर्याने विचारले की, बादशहाच्या खुद्द पहाऱ्यात ख्रिस्ती शिपाई आहेत, त्यांचे काय? मॅक्सिमिलियनाने त्यांना दोष दिला नाही. त्यांच्यासाठी काय योग्य ते ते जाणतात, मी ख्रिस्ती आहे आणि मला वाईट कृत्य करता येत नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. शिरच्छेदासाठी नेले जात असता, आपला नवा पोशाख मारेकऱ्यास द्यावा, असे त्याने बापाला सांगितले.

त्याने नकार दिला तो स्वतःपुरता; दुसऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर तो न्यायाधीश होऊन बसला नाही. म्हणूनच ख्रिस्तसभेला एकाच वेदीवर मॅक्सिमिलियनाचे आणि संत सेबास्तियन ह्या सैनिकाचे स्मरण करता येते. तूरचा संत मार्टिन हा तर दोन्ही बाजूंना परिचित आहे. तो सैन्यात होता. परंतु लढाईच्या आदल्या दिवशी त्याने शस्त्र धरण्यास नकार दिला. भ्यालास, असा आरोप होताच, उद्या मला निःशस्त्र सर्वांच्या पुढे उभे करा, अशी त्याने तयारी दाखविली. नकार देणारा मनुष्य भित्रा आहे की नाही हे ओळखण्याची कसोटी मार्टिनाने घालून दिली आहे. संकटापासून दूर पळतो तो भित्रा. दुसऱ्याला मारण्यास नाकारतो आणि स्वतः मरण्यास सिद्ध राहतो तो भित्रा नव्हे.

हे सर्व दूरच्या देशांचे आणि जुन्या काळाचे झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या भूमीकडे पाहू. आपला हा मुलूख माणसांच्या भरतीस अपरिचित नाही. १८२५ साली जेम्स औट्रम ह्या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावास खानदेश भिल्ल पलटण उभी केली. ज्यांना डोंगरातून हुसकून काढणे इंग्रजांना जमत नव्हते, त्यांच्याच हाती बंदूक देऊन त्यांच्याच भाऊबंदांवर पहारा बसविण्याची ती युक्ती होती. शिकारीला बरोबर नेऊन, विश्वास दाखवून, अवघ्या नऊ माणसांपासून त्याने आरंभ केला. त्या पलटणीत गेलेल्या भिल्लांना मी नावे ठेवीत नाही. त्यांना भाकरी मिळाली आणि मान मिळाला. परंतु बंदूक कोणाकडे रोखावी हे मात्र त्यांना कोणी विचारले नाही.

पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, हिंदुस्थानात खरोखरीची सक्तीची लष्करी नोंदणी झाली. पण ती येथे राहणाऱ्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांपुरती होती. हिंदी लोकांची भरती कागदावर ऐच्छिकच राहिली. दुसऱ्या महायुद्धात अशा ऐच्छिक म्हटलेल्या हिंदी सैन्याची संख्या पंचवीस लाखांवर गेली. ह्याच पहिल्या महायुद्धाने आपल्या मराठी ख्रिस्तसभेलाही जखम केली. अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) खेड्यांतून राबलेले जर्मन येशूसंघीय धर्मगुरू ‘शत्रुराष्ट्राचे प्रजाजन’ ठरले. त्यांना छावणीत ठेवण्यात आले आणि पुढे मायदेशी धाडण्यात आले. ज्यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ मासिक काढून आपल्या आजोबांना मराठीत धर्मवाचन दिले, ते हेन्री डोरिंग पुढे पुण्याचे महागुरुस्वामी झाले होते. त्यांनाही युद्धानंतर कित्येक वर्षे आपल्या कळपाकडे परतता आले नाही. हिरोशिमा येथे सेवा करून ते १९२७ साली पुण्यास परत आले. राज्याची यादी माणसाचे राष्ट्र तेवढे पाहते. त्याने कोणाचे अश्रू पुसले हे तिला दिसत नाही.

आता ज्या थोर पुरुषाने ‘नोंदणी’ ह्या शब्दाला जगभर निराळा अर्थ दिला, त्याच्याकडे वळू. दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालमध्ये सर्व आशियाई रहिवाशांनी बोटांचे ठसे देऊन नाव नोंदवावे, असा कायदा येऊ घातला. तो मानणार नाही, अशी शपथ ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या सभेत गांधीजींनी व हजारो हिंदी लोकांनी घेतली. पुढे सरकारशी समेट झाला आणि स्वेच्छेने नाव नोंदविण्यास गांधीजी निघाले, तेव्हा मीर आलम नावाच्या आपल्याच एका माणसाने विश्वासघात समजून त्यांना रस्त्यात रक्तबंबाळ केले. त्यांना आपल्या घरी नेऊन त्यांची शुश्रूषा केली ती जोसेफ डोक ह्या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने. सरकारने समेटाचा शब्द पाळला नाही, असे ठरल्यावर १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमिदिया मशिदीच्या पटांगणात दोन हजारांहून अधिक दाखले कढईत जाळण्यात आले. आणि त्या सभेत तोच मीर आलम पुढे आला, त्याने आपला दाखला दिला व गांधीजींनी त्याचा हात हाती घेतला. ती नोंदणी सैन्याची नव्हती. परंतु पुढे साठ वर्षांनी व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन तरुणांनी भरतीची कार्डे जाळली, १९६८ साली डॅनियल व फिलिप बेरिगन ह्या दोन सख्ख्या भावांनी, दोघेही कॅथलिक धर्मगुरू, आपल्या सात सोबत्यांसह भरती कचेरीतील कागद बाहेर आणून जाळले व अटक होईपर्यंत प्रार्थना करीत तेथेच थांबले, तेव्हा जोहान्सबर्गच्या त्या कढईची आठवण कोणाला होणार नाही? बेरिगन बंधूंच्या कृत्याविषयी त्यांच्याच देशातील कॅथलिकांत तीव्र मतभेद झाले. मीही कागद जाळण्याचा उपदेश करीत नाही. तेथेच थांबले, एवढे मात्र मी लक्षात ठेवतो.

गांधीजींना थोर म्हणताना एक गोष्ट लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९१८ साली हेच गांधीजी खेडा जिल्ह्यात इंग्रजांच्या सैन्यासाठी माणसे मिळवीत गावोगाव पायी हिंडत होते. ज्या शेतकऱ्यांनी सारा-सत्याग्रहात त्यांना फुकट गाड्या दिल्या, तेच आता भाड्यानेही गाडी देईनात. अहिंसेचे पुजारी म्हणविता आणि शस्त्र धरावयास सांगता हे कसे, असे लोक त्यांना तोंडावर विचारीत. माझ्या मते त्या अडाणी म्हटलेल्या शेतकऱ्यांनी त्या दिवसांत आपल्या पुढाऱ्याचा गुरू होण्याचे काम केले. सदसद्विवेकबुद्धी एका दिवसात पक्व होत नाही, महात्म्याचीही नाही. बावीस वर्षांनी त्याच महात्म्याने जे केले ते आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्याजोगे आहे.

१९३९ साली हिंदी जनतेला न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढण्यात आले. गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह योजिला आणि पहिला सत्याग्रही म्हणून विनोबा भावे ह्यांची निवड केली. कोण हे विनोबा? कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचा मुलगा. ह्याच विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली. तेव्हा आपले अक्कलकुवे त्याच पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा झाला तो १९९८ साली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळ धाम नदीकाठच्या पवनार गावी विनोबा उभे राहिले आणि ह्या युद्धाला माणसे देऊन किंवा पैसे देऊन साहाय्य करणे चूक आहे, सर्व युद्धाला अहिंसेने विरोध करणे हाच मार्ग आहे, असे उघड बोलले. चार दिवसांनी त्यांना पकडले व तीन महिन्यांची शिक्षा झाली. पुढील वर्षभरात वीस हजारांहून अधिक माणसे ह्याच एका वाक्यासाठी तुरुंगात गेली.

ह्या सत्याग्रहाचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. सत्याग्रही आपले नाव, गाव, दिवस आणि वेळ आधीच जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटला लेखी कळवीत असे. सरकार सैन्यासाठी नावे लिहीत होते. आणि नकार देणारा मनुष्य स्वतःच आपले नाव सरकारकडे लिहून पाठवीत होता! त्यात लपणे नव्हते, रात्रीतून पळणे नव्हते, दुसऱ्याला पुढे करून आपण मागे राहणे नव्हते. दोनच वर्षांनी, १९४२ च्या सप्टेंबर महिन्यात, आपल्या नंदुरबारच्या बाजारपेठेत शिरीषकुमार मेहता हा सोळा वर्षेही पुरी न झालेला शाळकरी मुलगा तिरंगा घेऊन मिरवणुकीत चालला होता. त्याच्या हाती शस्त्र नव्हते. पोलिसांच्या गोळ्यांना तो व त्याचे चार सोबती बळी पडले. आणि आपल्याच तालुक्यातील नर्मदाकाठच्या मणिबेलीस धरणाच्या पाण्याने घेरले, तेव्हा घरे मोजावयास येणाऱ्यांशी असहकार करणारी माणसे आपल्यापैकी कित्येकांच्या नात्यातली आहेत. तेव्हा, नाव देणे आणि नाव न देणे ह्यांचे मोल काय असते, हे ह्या डोंगराला मी शिकवावे असे नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर मी पुन्हा अर्धेच उत्तर दिले असे होईल. विनोबा पवनारला युद्धविरोधी बोलत होते त्याच सुमारास डॉक्टर आंबेडकर आपल्या बांधवांना सैन्यात शिरा असे सांगत होते. महार समाजाला इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्याची दारे बंद केली होती. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा ती उघडली आणि युद्ध सरताच पुन्हा लावली. १९४१ साली बेळगावला महार पलटण उभी राहिली, तेव्हा त्या समाजाला ती माणुसकीची पावती वाटली. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या पंगतीत बसू दिले नाही, त्याने ‘मला ताट नको’ असे म्हणावे, हा उपदेश पोटभर जेवलेल्याने करू नये. आमचा आदिवासी मुलगा गणवेश घालून गावी येतो, आणि कालपर्यंत त्याला ‘अरे-तुरे’ करणारा दुकानदार त्याला ‘या साहेब’ म्हणतो, तेव्हा त्याच्या आईच्या डोळ्यांत जे पाणी येते, त्याचा अपमान माझ्या हातून न होवो.

मग ख्रिस्तसभा काय सांगते? पुण्याच्या सेमिनरीत असता आम्ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे दस्तऐवज अभ्यासिले. पण खरे सांगतो, परीक्षेपुरते. १९६५ च्या ७ डिसेंबरला प्रसिद्ध झालेल्या, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजाच्या एकोणऐंशीव्या परिच्छेदात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. जे सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नाकारतात, त्यांच्यासाठी कायद्याने माणुसकीची तरतूद करावी, मात्र त्यांनी समाजाची अन्य प्रकारे सेवा पत्करावी. आणि जे देशसेवेसाठी सैन्यात आहेत, त्यांनी स्वतःला लोकांच्या सुरक्षिततेचे व स्वातंत्र्याचे सेवक समजावे. तसे वागल्यास तेही शांतीलाच हातभार लावतात. माझ्या त्या दोन मुलांचे उत्तर ह्या एका परिच्छेदात लिहिलेले होते, आणि मी उतारे लिहून देण्यात गुंतलो होतो.

धर्मगुरूंच्या अशा चुकीची किंमत एका घराने किती दिली ते ऐका. ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड खेड्यात फ्रान्झ येगरश्टेटर नावाचा शेतकरी होता. शेतीबरोबर चर्चची देखभालही तो करी. हिटलरचे युद्ध अन्यायाचे आहे, त्यात आपण लढणार नाही, असा त्याचा निश्चय झाला. तो धर्मगुरूंकडे गेला, महागुरुस्वामींकडेही गेला. घरी बायको आहे, तीन लहान मुली आहेत, युद्ध न्यायाचे की अन्यायाचे हे ठरविणे तुझे काम नव्हे, अशाच आशयाचे उत्तर त्याला मिळाले. तरी तो पळाला नाही. बोलावणे आल्यावर १९४३ च्या मार्चमध्ये तो हजर झाला व तेथेच आपला नकार त्याने सांगितला. जखमींची शुश्रूषा करण्याची तयारी त्याने दाखविली. ती मान्य झाली नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. युद्ध संपल्यावर कित्येक वर्षे गावाने त्याच्या पत्नीला, फ्रान्झिस्काला, आपले म्हटले नाही. २००७ च्या ऑक्टोबरात लिंझच्या कॅथेड्रलमध्ये त्याला धन्यवादित घोषित करण्यात आले, तेव्हा ती चौऱ्याण्णव वर्षांची वृद्धा तेथे बसलेली होती. धर्मगुरूंनी जे ऐकावयास हवे होते, ते एका शेतकऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीने ऐकले. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हा, तरुण मित्रांनो, माझे उशिराचे उत्तर असे आहे. भरतीच्या यादीत नाव देण्यापूर्वी ते एकदा प्रभूपुढे ठेवा. गणवेश घालणे हे पाप नाही; परंतु गणवेश घातला म्हणून सदसद्विवेकबुद्धी कोठारात जमा करावयाची नसते. निःशस्त्रावर, शरण आलेल्यावर, स्त्री-बालकांवर हात उगारण्याचा हुकूम कोणाचाही असो, तो पाळण्यास तुम्ही बांधलेले नाही. आणि ज्याला आतून नकार येतो, त्याने तो उघड्या चेहऱ्याने द्यावा, त्याची झीज स्वतः सोसावी, शिपाई झालेल्या भावाला हिणवू नये, आणि समाजाची दुसरी कोणती सेवा आपण करणार हे सांगावे. २०२२ साली अग्निपथाच्या रागाने बिहारात काही तरुणांनी रेल्वेचे डबे पेटविले. त्यांचा राग मला समजतो. परंतु ज्या आगीत दुसऱ्या गरिबाची गाडी जळते, ती सत्याग्रहाची आग नव्हे.

आईबापांनो, मुलगा गोळीविषयी विचारील तेव्हा हसू नका. मी हसलो होतो. मैदानावरून परत आलेल्या मुलाला भित्रा म्हणू नका. आणि ह्या महोत्सवाची काही खूण ठेवावयाची असेल, तर भरतीला जाणाऱ्या व न जाणाऱ्या मुलांनी एका संध्याकाळी एकत्र बसून हा विषय मोकळेपणाने बोलावा, ह्यासाठी माझे दार आजपासून उघडे आहे. ज्याला परत यावयाचे आहे त्याला दुसरा रोजगार शोधून देण्याचे कामही आपण धर्मग्राम म्हणून अंगावर घेऊ. भुकेची सक्ती तशीच ठेवून सदसद्विवेकाचा उपदेश करणे ही शुद्ध फसवणूक होईल.

ह्या चर्चमध्ये एक वही आहे. तिच्यात आपल्या मुलांची नावे पाणी डोक्यावर पडले त्या दिवशी लिहिली गेली. उंची न मोजता, छाती न मोजता, धावण्याची परीक्षा न घेता. त्या दोघांची नावेही तीत आहेत. बाकीच्या साऱ्या वह्या तिच्यानंतरच्या. गेल्या नाताळच्या रात्री सरहद्दीवरून त्या पहिल्या मुलाचा फोन आला. आवाज नीट ऐकू येत नव्हता. तो म्हणाला, “फादर, मिस्सात माझं नाव घ्या.” मी घेतले. त्याच मिस्सात मागच्या बाकावर दुसरा मुलगा आपल्या आईजवळ बसला होता. मी त्याचेही नाव घेतले, मात्र मनातल्या मनात. पुढच्या नाताळला दोन्ही नावे मी मोठ्याने घेणार आहे, आणि आपण सर्वांनी त्यावर मोठ्याने ‘आमेन’ म्हणावे, एवढीच ह्या महोत्सवानिमित्त माझी आपणांपाशी मागणी आहे.

शांतीचा राजा प्रभू येशू ख्रिस्त आपले, आपल्या मुलांचे व ह्या सातपुड्याचे रक्षण करो.